समोर काय हाय?

अण्णांच्या हातातून गाडीची किल्ली मी काढून घेतली, त्याला आता तीन हिवाळे झाले. चारचौघांसमोर, भर रस्त्यात काढून घेतली. लोकांना वाटतं, पोरीनं बापाच्या भल्यासाठी मन घट्ट केलं. आईसुद्धा आल्यागेल्याला तसंच सांगते. मी कुणाची समजूत दुरुस्त करत बसत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी एकतीस वर्षं लाल बस चालवली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली कोंबडीचं पिल्लूसुद्धा आलं नाही. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाढ्यासारखं पाठ आहे. निवृत्तीच्या दिवशी डेपोत त्यांना फेटा बांधला, श्रीफळ दिलं आणि बिनअपघाताच्या नोकरीचा एक पितळी बिल्ला दिला. पुढे जुनी छोटी गाडी घेतली तेव्हा तो बिल्ला त्यांनी आतल्या आरशाला लाल दोऱ्यानं लटकवला. देवाचा फोटो त्यांनी गाडीत लावला नाही, बिल्ला मात्र लावला.

लग्न मोडून मी मुकुंदवाडीला माहेरी परत आले तेव्हा तेहतीस वर्षांची होते. नोकरी करमाडच्या पुढे, हमरस्ता सोडून आत असलेल्या एका गावातल्या सरकारी शाळेत. शनिवारी शाळा सकाळची, आणि त्या वेळेला पोचवील अशी एकही बस नाही. दिवाळीत मी अण्णांना म्हटलं, मला गाडी शिकवा.

"आत्ता नाय," ते म्हणाले. "थंडी पडू दे. उन्हाळ्यात कोण बी चालवतंय. हिवाळ्यात चालवली तर खरी."

मला ती त्यांची नेहमीची फुशारकी वाटली. आपल्याकडे कसला आलाय हिवाळ्याचा रस्ता! बर्फ नाही, काही नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "बर्फ निदान दिसतो तरी, मास्तरीणबाई."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिकवणी सुरू झाली. सकाळी साडेसहाला गाडी काढायची, शाळेच्या गावापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी उजवीकडे, अण्णा डावीकडे, आणि त्यांच्या मांडीवर निरगुडीची एक शिपटी. हो, शिपटी. शाळेत मी पोरांच्या अंगाला बोट लावत नाही, तशी सोयच नाही. आणि इथं मी स्वतः तेहतीस वर्षांची घोडी बोटांच्या पेरांवर फटके खात होते. थंडीत पेरावर बसलेला फटका कसा झोंबतो ते ज्यानं खाल्लाय त्यालाच माहीत.

त्यांची परीक्षा एकच होती. मध्येच, कुठेही, ते विचारायचे, "समोर काय हाय?" पुढे काय दिसतंय ते लगेच सांगायचं. चुकलं तर एक फटका. उशीर झाला तर एक. "धुक्यात दिसत नाही" म्हटलं तर दोन.

"दिसत नाय म्हून सांगायचं नस्तं," ते म्हणायचे. "दिसत नाय तर थांबायचं. डायव्हरला दिसत नाय, तर त्यो डायव्हर कशाचा?"

शिकवायचे मात्र अव्वल, हे मान्य केलंच पाहिजे. धुक्यात मोठा दिवा लावायचा नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते. खालचा दिवा लावायचा, खिडकीची काच चार बोटं खाली घ्यायची आणि कान बाहेर ठेवायचा. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, पण तोडलेल्या उसाचा वास गाडीच्या आधी येतो, वास आला की पाय ब्रेकवर. रस्त्यावर ऊस चिरडलेला असेल तर ब्रेक मुळीच मारायचा नाही, गाडी तेलावरून जावी तशी घसरते. पुलावर दव आधी धरतं. करमाडच्या बाजूला जाताना सूर्य थेट डोळ्यांत येतो, तेव्हा त्याच्याशी नजर भिडवायची नाही, रस्त्याची डावी कड धरायची. आतून काच धुरकटली की अण्णा खिशातून फडक्यात बांधलेली तंबाखूची पुरचुंडी काढायचे आणि काचेवरून हलक्या हातानं फिरवायचे. मग ती काच बराच वेळ स्वच्छ राहायची. एवढा हलका हात मला त्यांनी कधी लावला नव्हता.

आणि तूर. जानेवारीत करमाड सोडून आत वळलं की अर्ध्या रस्त्यावर खळंच असतं. लोक तुरीचा काड रस्त्यावर पसरतात, जाणाऱ्यायेणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी शेंगा फुटतात, मळणी होते. काड इकडेतिकडे पांगू नये म्हणून दोन्हीकडे दगड लावलेले असतात. शहरातला माणूस शिव्या देत बाजूनं जातो. अण्णांनी मात्र एकतीस वर्षं बस मुद्दाम काडावरून नेली होती. जाताना डावी बाजू, येताना उजवी, म्हणजे सगळा काड सारखा मळला जावा. त्या रस्त्यावरची माणसं त्यांना त्यासाठी ओळखत. अजूनही बाया हातातलं काम थांबवून त्यांना हात जोडायच्या. अण्णा तेव्हा असे ताठ बसायचे की मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

तुरीचा नियमही त्यांचाच. "भुसात ऊब असती," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "थंडीत त्यात कुत्रं झोपतं, वासरू झोपतं, येळ पडली तर मानूस झोपतं. काडावर चाक घालायच्या आधी थांबायचं, हॉर्न मारायचा, काय हललं का ते बघायचं. मग जायचं." हे सांगतानाही एक फटका मारला, लक्षात राहावं म्हणून.

डिसेंबरच्या मध्यावर एके दिवशी, मफलर आणतो म्हणून अण्णा गुलमंडीच्या बाजारात गेले. चार तासांनी एक कानटोपी घेऊन परतले. आठ-दहा दिवसांनी विम्याची मुदत बघायला मी गाडीचे कागद शोधत होते, तेव्हा त्या कागदांच्या पिशवीत मला दोन चिठ्ठ्या सापडल्या. एक चष्म्याच्या दुकानातली, ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणून. दुसरी त्या डॉक्टरची. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी जपा, वाहन चालवू नये. शेवटच्या तीन शब्दांखाली डॉक्टरनं दोनदा रेघ ओढली होती.

मी चिठ्ठ्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "च्या बशीच्या भाईर वततेत ते. मी पुसून घेती. तू काय बोलू नकोस."

"अगं, ते गाडी चालवतात!"

"गाडी गेली तर मानूस ऱ्हायचं नाय, पोरी. त्यांच्याकडं दुसरं हायच काय?"

मी चिठ्ठ्या होत्या तशा परत ठेवल्या. आणि त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. अण्णांना जर दिसतच नसेल, तर माझं उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळतं कसं?

दुसऱ्या दिवशी मी करून बघितलं. समोर टेम्पो होता. "समोर काय हाय?" म्हणाले, तर मी सांगितलं, "म्हैस." अण्णा म्हणाले, "बरुबर. हळू घे." थोड्या वेळानं रिकाम्या रस्त्यावर मी ट्रॅक्टर सांगितला, तोही बरोबर निघाला. तिसऱ्यांदा खरोखरच सायकलवाला होता, मी खरं सांगितलं आणि फटका बसला. म्हणजे शिपटी इतके दिवस अंदाजानं पडत होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला मजा यायला लागली. रोज सकाळी एक तरी खोटी म्हैस मी अण्णांच्या समोरून नेत होते आणि मनातल्या मनात हसत होते. त्यांना सांगता आलं असतं, डॉक्टरकडे घेऊन जाता आलं असतं, हे सगळं मला तेव्हाही समजत होतं. पण पेरं सुजलेली होती आणि एवढा एकच सूड माझ्या हातात होता.

जानेवारीतला तो रविवार. धुकं असं की बॉनेटच्या पुढे जग नव्हतं. करमाड सोडून आम्ही आत वळलो. रस्त्याच्या कडेला एका शेतात मेंढरं बसवलेली होती, त्यांचा आवाज येत होता. हिवाळ्यात धनगर खतासाठी कुणाच्या ना कुणाच्या रानात मेंढरं बसवतात, तशी. चढावर माझी गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद पडली.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "उतर खाली. बघ कशी चालवत्यात."

आता इथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. तुम्हाला दिसत नाही, अण्णा. तीन शब्द आणि एक हाक. मी उतरले, गाडीला वळसा घातला, डावीकडे बसले आणि पट्टा लावला. पट्टा मात्र आठवणीनं लावला.

स्टिअरिंग हातात आल्यावर अण्णांचा चेहरा बदलला. गिअर असा पडला की गाडीलाही हायसं वाटलं असेल. पुढे धुकं थोडं पिवळट झालं, आणि चाकांखाली काड करकर वाजायला लागला. तूर पसरलेली होती. अण्णांनी थांबवली नाही. हॉर्नही मारला नाही.

"चाकं कशी टाकायची बघ आता," ते म्हणाले. ते हसत होते. मी त्यांना गाडीत हसताना फार कमी वेळा पाहिलंय.

मग गाडीचं चाक एका मऊ गोष्टीवरून वर गेलं आणि खाली आलं.

"पोतं हाय," अण्णा म्हणाले. "पोती रस्त्यात टाकत्यात, अक्कल नाय." पण त्यांनी गाडी थांबवली आणि ते उतरले. मीही उतरले. ते कुत्रं होतं. तांबूस, मोठं, गळ्यात खिळ्यांचा पट्टा असलेलं. मेंढरांचं कुत्रं. ओरडलंही नव्हतं, झोपेतच गेलं. अण्णांनी वाकून त्याला हातानं चाचपलं, तेव्हा त्यांना कळलं.

ते झटक्यात उठले. माझं मनगट धरून मला गाडीच्या उजव्या दाराशी नेलं. "बस तिथं. तू चालवत व्हतीस. ऐकलं का? तू नवशिकी हायेस, तुला कोन काय म्हननार नाय. मला या रस्त्याला एकतीस वर्षं झाली."

आवाज विनवणीचा होता. मी त्यांचा असा आवाज कधीच ऐकला नव्हता. मी उजवीकडे बसले. सीट अजून गरम होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी ते अंगावर घेणार होते. कुत्रं माझं, चूक माझी, बिल्ला त्यांचा. हिशेब ठीकच होता.

माणसं जमली. तुरीचा मालक, त्याची बायको, आणखी दोघं-तिघं. त्यांनी आधी अण्णांना नमस्कार केला, मग खाली बघितलं. मग शेतातून एक धनगर बाई आली. साठीची असेल. ती रस्त्यावर बसली आणि कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"परवा लांडगा आला व्हता," ती म्हणाली. "यानंच हाकलला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाय लावला यानं. आत्ता कुठं उबेला झोपला व्हता."

आणि मग अण्णा बोलले. गप्प राहिले असते तर आज ही गोष्ट वेगळी असती.

"कितींदा सांगितलं हिला!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काडावर जायच्या आधी थांब, हॉर्न मार! पन हिला समोरचं कधी दिसलंच नाय. लग्नात दिसलं नाय, आता रस्त्यात दिसत नाय. नवरा ठेवता आला नाय, गाडी काय ठेवनार?" आणि गाडीतली शिपटी काढून त्यांनी, त्या सगळ्या लोकांसमोर, स्टिअरिंगवर ठेवलेल्या माझ्या हातावर मारली.

तुरीच्या मालकाची बायको माझ्याकडे बघून चुकचुकली. मी गाडीतून उतरले. धुकं विरायला लागलं होतं, वीस पावलांवरचं झाडही दिसत होतं. धनगर बाई अण्णांच्या समोर, जेमतेम सहा पावलांवर, घोंगडी पांघरून, कुत्र्याला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती.

"अण्णा," मी विचारलं, "समोर काय हाय?"

ते चमकले. "काय लावलंय?"

"सांगा की. समोर काय हाय? उशीर झाला तर एक फटका असतो."

त्यांनी तोंड त्या दिशेला वळवलं. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली, नजरेचा उरलेला तुकडा शोधल्यासारखी. सगळे बघत होते. मला माहीत होतं ते काय म्हणणार. मी त्यांना थांबवू शकत होते. मी थांबले, वाट बघितली.

"पोतं हाय," अण्णा म्हणाले. "तुरीचं पोतं."

त्या बाईनं मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"नीट बघा," मी म्हटलं.

"दोन पोती," अण्णा म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तुरीच्या मालकानं नजर फिरवली. अण्णांना दिसत नाही हे सगळ्यांना समजलं. आपलं बिंग फुटलं हे त्यांनाही कळलं, कारण एवढी माणसं एवढी गप्प फक्त मयताला असतात. मी त्यांच्या विजारीच्या खिशात हात घालून किल्ली काढून घेतली. गाडी बंद करून किल्ली खिशात टाकायची सवय त्यांची कधी मोडली नव्हती. गाडी कुणी चालवली तेही मग लोकांना समजलं. त्यांनी विरोध केला नाही. मला फार बरं वाटलं. तीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि ते मी लपवणार नाही.

तुरीच्या मालकानं रक्तानं भिजलेला काड पायानं बाजूला सारला आणि उरलेला पुन्हा सारखा पसरला. दोघांनी कुत्रं उचलून शेतात नेलं. धनगर बाई उठली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, यांना दिसत नाय, हे तुला आधी ठावं व्हतं का?"

"नाय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ती गेली. अण्णा बॉनेटवर हात ठेवत ठेवत डावीकडच्या दारापर्यंत गेले. परत येताना गाडी मी चालवली. एकदाही बंद पडली नाही. घरी गेल्यावर त्यांनी शिपटी स्वतःच मोडून चुलीत घातली.

परवाना मला मार्चमध्ये मिळाला. अण्णांनी थेंब घातले, डॉक्टर बदलले, पण व्हायचं ते होत गेलं. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. तेही दिवसादिवसाला कमी होतंय. तरी शनिवारी मी निघाले की कानटोपी घालून ते दारात उभे असतात. मी नाही म्हणत नाही. शाळा सुटेपर्यंत ते पारावर बसतात. वाटेत डावीकडे बसून तोच प्रश्न विचारतात. "समोर काय हाय?" आता ती परीक्षा नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. एकतीस वर्षांचा रस्ता त्यांना कुणाच्या तरी तोंडून हवा असतो, आणि दुसरं तोंड गाडीत नाही. मी कधी सांगते, कधी रेडिओ लावते.

गेल्या शनिवारी धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं, करमाड सोडल्यापासून थेट समोरून येणारं. तुरीच्या जागी आलो. अर्ध्या रस्त्यावर काड पसरलेला होता. मालकाची बायको सूप खाली ठेवून उठली, तिनं गाडी ओळखली, आणि रस्त्याच्या कडेला येऊन अण्णांना पूर्वीसारखे दोन्ही हात जोडले. ती जोडून उभीच राहिली. मी गाडी काडावर घातली नाही. दगडांच्या बाहेरून, मोकळ्या बाजूनं, सावकाश नेली, म्हणजे चाकांखाली काही वाजू नये.

अण्णांनी कान टवकारले. "समोर काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं. "धुकं हाय."

ऊन त्यांच्या सबंध तोंडावर पडलं होतं. ते त्यांना लागत असणारच. मग त्यांनी खिशातून फडक्यातली तंबाखूची पुरचुंडी काढली, चाचपडत काच शोधली आणि माझ्या बाजूपासून सुरुवात करून ती हलक्या हातानं पुसायला लागले. काच स्वच्छ होती. मी त्यांना पुसू दिली.